तीन आठवड्यांचा गंज

आमच्या रत्नागिरीकडे बाई किती नेटकी हे तिच्या विळीवरून बघतात. पुरण मऊ झालं का, मुलं किती शिकली, हे सगळं नंतर. विळीच्या पात्यावर तांबूस ठिपका दिसला की ती बाई लोकांच्या नजरेतून उतरली. समुद्राची हवाच तशी. पुसून ठेवलेली कढई दुसऱ्या दिवशी लालसर. दाराचा कोयंडा, बादलीची कडी, मुलाच्या कंपासपेटीतलं कर्कटक, सगळ्याला गंज. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला दागिने दाखवले नाहीत, खोबरेल तेलाची बाटली आणि एक चिंधी दाखवली. लोखंड दिसलं की पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. इतकी वर्षं मी ते केलं की आता बँकेत रांगेत उभी असले तरी समोरच्या गजावर गंज दिसला तर माझा पदर आपोआप तिकडे जातो.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे केलं ते वाचून तुम्ही म्हणाल, या बाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. होतं. नुसती सवय नडली.

आता मी चंदीगडला असते. मुलगा हवाई दलात, त्याची बदली सध्या आसामात. सून इथे सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत काम करते, म्हणून मी, सून आणि नात अशा आम्ही तिघी इथेच राहिलो. जवळच एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतलाय, त्यावर मोकळी गच्ची. नात दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. मी मराठीत रागावते, ती हिंदीत रुसते, आमचं काही अडत नाही.

सून अमरावतीची. चार पदव्या घेतलेली, पण बोलायला लागली की वऱ्हाड बाहेर येतं. "आई, तुम्ही काय करून राहिल्या?" असं ती दिवसातून दहादा विचारते आणि बहुतेक वेळा मी करू नये तेच करून राहिलेली असते.

तिचं काम काय, हे मला तिने पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. मी सातवी शिकलेली, बाकीचं जे काही येतं ते पुड्याचे कागद वाचून आणि लोकांना प्रश्न विचारून. म्हटलं, मला समजेल असं सांग. तर म्हणाली, आई, आपल्या साबणात, जेवणात, लघवीत फॉस्फरस असतो. तो सांडपाण्यातून जातो. शेतात पडला तर ते खत. तळ्यात पडला तर शेवाळाची चंगळ. शेवाळ माजतं, मग मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे उलटे होऊन वर येतात. पाणी गाळून, ढवळून, सगळं करून झालं तरी हा फॉस्फरस त्यात विरघळलेलाच राहतो. त्याला धरायला लोखंड लागतं.

"लोखंड कसं धरणार गो त्याला?"

"चिकटून बसतो तो लोखंडाला. मुंगळा गुळाला बसतो तसा."

एवढं मला पक्कं कळलं. त्यातला गंजाचा भाग तिने सांगितला नाही, का सांगितला आणि मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, देव जाणे.

चंदीगडजवळच्या खरड गावात एक मोठी सोसायटी आहे. नवे उंच फ्लॅट, खाली बाग, बागेत तळं. सोसायटीचं सांडपाणी तिथेच एका छोट्या केंद्रात शुद्ध करून त्या तळ्यात सोडतात. वर्षभरात तळं असं हिरवं झालं की पोरं त्यात चेंडू पडला तर काढायला जात नाहीत. सुनेने त्यांना विचारलं, मी एक पिंप लावते, त्यातून पाणी जाऊ द्या, एक वर्ष मला मोजमाप करू द्या. सोसायटीचे लोक म्हणाले, आधी दाखवा. गुरुवारी सकाळी अकराला दाखवायचं ठरलं. ते हो म्हणाले तर तिला वर्षाचं काम. नाही म्हणाले तर हे काम तिथेच बंद, आणि तिची नेमणूक त्या कामापुरतीच होती. म्हणजे बिऱ्हाड पुन्हा उचला, नातीची चौथी शाळा शोधा. सून हे एकदाच बोलली, चहा गाळताना, आणि मग बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिने दोनदा चहात मीठ घातलं.

तर गच्चीवर दोन मोठे टब होते. त्यात लोखंडाचा कीस. इंडस्ट्रियल एरियात एक सरदारजींचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे लोखंड कातताना ज्या वळ्या पडतात, अगदी कुरडईच्या वळ्या, त्या ती पोत्याने घेऊन आली होती. संस्थेत ठेवल्या तर फरशीवर लाल डाग पडतात म्हणून साहेबांनी नको म्हटलं, म्हणून आमच्या गच्चीवर. मी गुडघ्यांमुळे गच्चीवर फारशी जात नाही. टबांची देखरेख नातीकडे होती. ती पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेऊन वर जायची आणि दहा मिनिटांनी ओल्या कपड्यांनी खाली यायची. मला वाटायचं, खेळते.

सोमवारी सून दोन दिवसांच्या बैठकीला दिल्लीला गेली. मंगळवारी सकाळी नात शाळेत गेल्यावर मी पापड वाळवायला म्हणून जिना चढले, आणि बघते तर काय, दोन्ही टब लालभडक.

म्हटलं, बिचारी. कामाच्या धबडग्यात हिचं लक्ष राहिलं नाही, आणि अमरावतीच्या कोरड्या हवेतली मुलगी, हिला लोखंड सांभाळायचं कोण शिकवणार? परवा लोक येणार आणि त्यांच्यापुढे ही असला गंजका माल ठेवणार. घाण पाणी स्वच्छ करायचं तर लोखंड आधी स्वच्छ नको का? मला तर रडूच येईल असं झालं. मग कंबर कसली.

गावाहून वर्षाची आमसुलं येतात आमच्याकडे. ती बरणी काढली. सगळीच्या सगळी गरम पाण्यात भिजवली आणि ते आंबट पाणी टबांत ओतलं. हातात बागकामाचे जाड हातमोजे, नारळाची शेंडी, आणि मी सुरू झाले. काय सांगू, इतका आनंद मला चंदीगडात आल्यापासून झाला नव्हता. या शहरात सगळं सरळ, स्वच्छ, आखलेलं. घासायला म्हणून काही मिळत नाही. आणि इथे दोन टब गंज. लाल पाणी वाहत होतं, खालून चांदीसारखं लोखंड वर येत होतं, मी ओव्या गुणगुणत होते. वैशाखाचं ऊन, कीस तासाभरात वाळून कोरडाठाक. मग खोबरेल तेलाच्या वाटीत हात बुडवून एकेक मूठ चोळली. दुपारी दोन वाजता ते टब असे चमकत होते की वरून जाणारी घार दचकून वळली असेल.

नात शाळेतून आली. मी तिचा हात धरून वर नेलं.

ती टबांकडे बघत राहिली. दप्तर पाठीवरच. मग हळू आवाजात म्हणाली, "आजी, ये आपने क्या किया?"

"घासलं. बघ कसं लखलखतंय."

"आजी, वो मम्मी का जंग था."

"गंज होता तो, तोच काढला."

"मम्मीने तीन हफ्ते में बनाया था. मैं रोज पानी डालती थी. जंग ही तो चाहिए था. फॉस्फरस जंग को चिपकता है."

मी खाली बसले. पापडांवरच बसले, हे नंतर लक्षात आलं.

लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. पण चमकणारे दोन टब लपवणार कुठे? सुनेला फोन लावला. बैठकीतून बाहेर येऊन तिने घेतला. मी एका दमात सांगून टाकलं, आमसुलं, शेंडी, ऊन, तेल.

ती म्हणाली, "तेलसुद्धा?"

"खोबरेल."

"घाण्याचं?"

"घाण्याचं."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, रडते. तर खुसखुस ऐकू आलं. ती हसत होती, पण तोंडावर हात ठेवून हसावं तसं, मध्येच श्वास अडकत होता. "आई," ती म्हणाली, "गुरुवारी अकराला लोक येऊन राहिले. मी उद्या संध्याकाळशिवाय निघू शकत नाही."

"मी करते गंज. एका रात्रीत होतो आमच्याकडे."

"तुमच्याकडे समुद्र आहे. इथे घामसुद्धा वाळतो. आणि आधी ते तेल निघालं पाहिजे, तेलावर पाणी बसत नाही."

"साबणाने धुते."

"साबणाची पावडर नको. तिच्यात फॉस्फरस असू शकतो."

"मग राखेने."

"राखेत असतो."

"बेसन लावू?"

"बेसनातही असतो, आई."

"मग गंजाला ताक ओतते. ताकाने लोखंड लगेच गंजतं."

"ताकात तर भरपूर."

मी वैतागले. "अगं, मग नाही कशात?"

"तुमच्या माझ्या हाडांतही आहे," ती म्हणाली. "म्हणून तर हे अवघड आहे." आणि मग तिला खरंच हसू आवरेना, आणि मलाही. दिल्लीत ती कुठल्या जिन्यात उभी होती कोण जाणे, इथे मी चुरलेल्या पापडांत. शेवटी म्हणाली, "त्या लेथवाल्या सरदारजींकडे जा. तयार गंजलेला कीस मिळाला तर सुटलो. घ्यायच्या आधी मला फोटो पाठवा."

नातीला घेतलं, रिक्षा केली, इंडस्ट्रियल एरिया. सरदारजींचं वर्कशॉप शोधेपर्यंत वाटेत जे दुकान दिसेल तिथे विचारायला काय हरकत, असं मला वाटलं.

पहिला नटबोल्टवाला. मी म्हटलं, "भैया, जंग मिलेगा?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घरच्या मुलींबद्दल काही बोलले. "माताजी, हमारे माल में जंग नहीं लगता. पक्की गारंटी."

"थोडासा भी नहीं?"

"एक दाना नहीं."

पुढचा गेटं बनवणारा. त्याच्या मागे भिंतीला टेकवलेल्या सळ्या मला चांगल्या लाल दिसत होत्या. मी बोट दाखवलं, "वो है ना जंग." त्याने पायाने एक पोतं सरकवून त्यांच्यावर टाकलं आणि म्हणाला, "वो प्राइमर है जी, लाल रंग का." मी म्हटलं, "भैया, मी रत्नागिरीची आहे, मला शिकवू नका." तो म्हणाला, "जी?" नातीने माझा पदर ओढला.

तिसरा भंगारवाला. त्याच्याकडे मात्र गंजाचा डोंगर. मी हरखून गेले. फोटो पाठवला. सुनेचं उत्तर आलं, रंगाचे पापुद्रे दिसतात आणि कोपऱ्यात जुनी बॅटरी आहे, शिसं असेल, हात लावू नका. भंगारवाला बिचारा शेवटपर्यंत विचारत होता, "माताजी, जंग ही लेना है तो इसमें खराबी क्या है?" म्हणजे चंदीगडात मला दोन प्रकारची माणसं भेटली. एक, ज्यांच्याकडे गंज नाही म्हणून अभिमान. दुसरी, ज्यांचा गंज आम्हाला पसंत पडला नाही म्हणून अपमान.

शेवटी सरदारजी. उंच, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. सुनेचं नाव घेतल्यावर लगेच खुर्ची पुसली. मी म्हटलं, तुम्ही दिलेल्या लोखंडाबद्दल आले आहे, गंजाचं काम आहे. त्यांचा चेहरा उतरला.

"बीजी, मेरे माल में जंग निकला?"

"नहीं जी, नहीं निकला. वही तो दिक्कत है."

मग नातीने सगळं समजावलं. सरदारजी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांची दाढी हलायला लागली. त्यांनी आतल्या दोन कारागिरांना बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आमसुलाच्या पाण्याशी आलो की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, ठहरो, ठहरो. तेलाच्या वाटीशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पैंतालीस साल हो गए," ते म्हणाले, "जंग माँगने वाला ग्राहक पहली बार आया."

तयार गंज त्यांच्याकडे नव्हताच. उलट सगळा कीस मशीनच्या तेलात भिजलेला. पण तेल काढायचं कसं ते त्यांना माहीत होतं. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा, साबण नाही. एक पिशवी सोडा दिला, चहा पाजला, आणि निघताना म्हणाले, "बीजी, लोहे को गीला रखो और हवा दो. डूबा दोगे तो धीरे लगेगा. हवा भी चाहिए, पानी भी." मी म्हटलं, हे तुम्ही मला सांगू नका, गंज न लागू देण्यात माझा जन्म गेलाय. आणि हे बोलले, आणि रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गंज कसा येतो हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? आयुष्यभर जे जे करू नको म्हणून सासूबाईंनी सांगितलं आणि मी सगळ्यांना सांगत आले, ते ते सगळं करायचं. बस.

सोडा आणि उकळत्या पाण्याने त्या संध्याकाळी तीनदा धुतलं. पाण्याचा थेंब किसावर गोळा होऊन घरंगळायचा थांबला आणि पसरून बसायला लागला, तेव्हा तेल गेलं असं समजले. आणि बुधवारी सकाळी चहा झाल्यावर मी वर गेले आणि सुरुवात केली.

ओलं लोखंड तसंच सोडू नको. सोडलं. खारट हात लावू नको. मुठीने मीठ लावलं. आंबट सांडलं तर लगेच पूस. पांढरा व्हिनेगर शिंपडला, पुसला नाही. ओलं फडकं वर टाकू नको. गोणपाट भिजवून टाकलं. त्याच्यावर पुन्हा पाणी. दर अर्ध्या तासाने गोणपाट काढायचं, काठीने कीस खालवर करायचा, वारा द्यायचा, फवारायचं, झाकायचं. प्रत्येक वेळी मी मागे वळून बघायचे. चोरी करताना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. एकदा तर मी मोठ्याने म्हटलं, "सासूबाई, तिकडे बघा जरा."

दहा वाजता काही नाही. साडेदहाला एका वळीच्या कडेला पिवळट छटा, हळदीचं बोट लागल्यासारखी. अकराला दुसरीला. मग मला खाली जाववेना. गुडघे विसरले. बाराला सगळा टब केशरी व्हायला लागला तेव्हा मी एकटीच गच्चीवर टाळ्या वाजवत होते. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी विचारलं, "आंटीजी, क्या हुआ?" मी म्हटलं, "जंग लग गया." त्या म्हणाल्या, "ओहो," फार वाईट वाटल्यासारखं. मी त्यांना सांगायला गेले असते तर सूर्य मावळला असता.

जेवणाच्या सुट्टीत सुनेचा फोन. कुजबुजत. "रंग कसा आहे?"

"गाजराच्या हलव्यासारखा."

"शिजलेल्या की अजून व्हायच्या?"

"दूध आटलंय, साखर घालायची आहे."

"मग अजून दोन-तीन तास," ती म्हणाली. तिच्या बाजूला कुणीतरी विचारलं असावं, कारण ती इंग्रजीत म्हणाली की प्रयोगशाळेशी बोलतेय. मी ती प्रयोगशाळा. मी जरा ताठ बसले.

दोन वाजता नात आली, आणि मग दोघींनी मिळून काठ्या चालवल्या. संध्याकाळी मीठ धुऊन काढलं, कारण ते तळ्यात जायला नको. रात्री सून दिल्लीहून आली ती खांद्यावरची बॅग न उतरवता थेट गच्चीवर. गोणपाट उचललं. एक मूठ घेऊन बोटांत चुरली, वास घेतला. बोटं केशरी झाली.

"चालेल?" मी विचारलं.

"माहीत नाही, आई. माझा गंज तीन आठवड्यांचा होता, हा एका दिवसाचा. उद्या नळी सांगेल." मग जरा थांबून, "पोहे आहेत का?"

पोहे खाताना तिने मला विचारलं नाही की असं का केलंत. हे मला जास्त लागलं. मी दोनदा शेंगदाणे वाढले.

गुरुवारी नातीची शाळा बुडवली आणि तिघी खरडला गेलो. पिंप तिथे आधीच बसवलेलं होतं. खाली वाळूचा थर, वर आमचा कीस भरला. सोसायटीचे अध्यक्ष आले, निवृत्त गृहस्थ, हातात काठी, सोबत आणखी दोघं. त्यांनी पिंपात वाकून पाहिलं.

"मैडम, इसमें तो जंग लगा है."

"जी सर, वही चाहिए."

"गंदे पानी में जंग डालोगे तो साफ होगा?"

सून समजावायला लागली, पण मला राहवलं नाही. मी पुढे झाले. म्हटलं, "भाईसाहब, मैंने भी यही सोचा था. इसीलिए परसों सारा जंग घिस डाला. मेरी बहू का तीन हफ्ते का काम पानी में गया. आप वो गलती मत करो." मागच्या दोघांपैकी एक हसला. सुनेने डोळे मिटले.

नळ सोडला. पाणी वरून गेलं, खालून बाहेर आलं, लाल. अगदी उकळलेल्या चहाचा रंग.

"ये तो चाय है," अध्यक्ष म्हणाले.

"पहिलं पाणी वाहून जाऊ द्या," सून म्हणाली, मराठीतच म्हणाली, तिला कळलंही नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा कानामागचा घाम गळ्यावर उतरत होता. पाणी वाहत राहिलं. लालाचं बदामी झालं, बदामीचं लिंबाच्या सरबताचं, आणि मग खाली धरलेल्या बादलीचा तळ दिसायला लागला. लाल पाणी तिने वेगळ्या पिंपात घेतलं होतं, तळ्यात एक थेंब जाऊ दिला नाही.

आता परीक्षा. तिच्याकडे काचेच्या छोट्या नळ्यांची पेटी असते. पाण्यात औषध घालायचं, फॉस्फरस असेल तितकं पाणी निळं होतं. जास्त निळं तितका जास्त. एका नळीत पिंपात जायच्या आधीचं पाणी, दुसरीत बाहेर आलेलं. दहा मिनिटं थांबायचं.

तिने मला आधी सांगितलं होतं, तिच्या जुन्या गंजातून पाणी यायचं ते औषध घातल्यावर आकाशी व्हायचं. तेवढं आलं तरी पुरे.

मी नळ्यांकडे बघितलंच नाही. हिरव्या तळ्याकडे तोंड करून उभी राहिले. एक बेडूक शेवाळावर असा बसला होता जसा गालिचावर. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, थांब, बघते तुझ्याकडे. नात घड्याळ बघत होती आणि मिनिटं सांगत होती. पाच. सहा. सातव्या मिनिटाला ती बोलायची थांबली.

"आजी," ती म्हणाली. "देखो तो."

पहिली नळी निळी, कपड्यांना द्यायची नीळ ओतावी तशी. दुसरी जवळपास पाण्यासारखी. मागे पांढरा कागद धरला तेव्हा कुठे जराशी झाक दिसली.

अध्यक्षांनी चष्मा बदलला. "फिर से करो," ते म्हणाले. "और पानी मैं खुद भरूँगा."

त्यांनी स्वतः भरलं. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा तेच.

सून माझ्याजवळ सरकली आणि समोर बघतच हळूच मराठीत म्हणाली, कुणाला कळू नये म्हणून, "आई, हे माझ्यापेक्षा चांगलं आलं."

"म्हणजे?"

"ताजा गंज भुसभुशीत असतो, जास्त धरतो. माझा तीन आठवड्यांत घट्ट बसला असेल. आणि तुमच्या आमसुलांनी आधी लोखंड सोलून काढलं, त्यामुळे सगळीकडे सारखा लागला. असं वाटतंय. तपासून बघायला लागेल." मग माझ्या दंडाला तिने असा चिमटा काढला की चार दिवस निळा राहिला, दुसऱ्या नळीपेक्षा जास्तच.

अध्यक्षांनी वर्ष दिलं. दोन अटी घातल्या. तळ्यात लाल पाणी गेलं तर त्याच दिवशी पिंप उचलायचं. आणि आठवड्यातून दोनदा कीस खालवर करायला "ये माताजी" आल्या पाहिजेत, दुसरं कुणी नको. का, असं विचारलं तर म्हणाले, ज्याच्या हातून एकदा बिघडलंय त्याचं लक्ष जास्त असतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिथल्या तिथे दिवस ठरवून घेतले, मंगळवार आणि शुक्रवार.

त्या संध्याकाळी सून वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन समोर बसली.

"आमसुलं किती?"

"बरणीभर."

"किती ग्रॅम, आई?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती ते लिहिता येत नाही. पाणी?"

"बुडतील इतकं."

"किती वेळ घासलं?"

"मन भरेपर्यंत."

तिने पेन खाली ठेवलं, डोकं टेबलावर टेकवलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. नात म्हणाली, मम्मी, आजी को फिर से करने दो, मैं टाइम देखूँगी. म्हणजे आता मला ते सगळं पुन्हा करायचं होतं, वजन करून, घड्याळ लावून, एकदा आमसुलं घालून आणि एकदा न घालता. तेल वगळून, असं तिने दोनदा सांगितलं.

पण आमसुलं संपली होती. मी गावाला धाकट्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, पाच किलो पाठव.

"पाच?" ती म्हणाली. "एवढी सोलकढी कोण पिणार आहे तुमच्याकडे? लग्नबिग्न आहे का?"

"नाही गो. गंज आणायचाय."

"काढायचा ना?" तिने सावकाश विचारलं. "आमसुलांनी गंज काढतात, ताई."

"काढायचा, आणि मग आणायचा."

"तिकडे ऊन फार आहे का?" ती म्हणाली. "सुनेला फोन दे जरा."

मी सुनेला फोन दिला. तिने तो कानाला लावला, घसा साफ केला, आणि फार आदराने म्हणाली, "हो मावशी. आई बरोबर सांगून राहिल्या. फक्त पाठवताना वजन करून पाठवा."